थोरला आणि धाकटा खुशाल

आपल्या गुडघ्यांबद्दल तक्रार करणारी माणसं जगात हवी तितकी भेटतात, पण गुडघ्यांचे आभार मानल्याशिवाय सकाळच्या चहाला हात न लावणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. लग्न ठरवताना मुलीकडच्यांनी बाकी सगळं सांगितलं होतं. मुलीला स्वयंपाक येतो, शिवण येतं, मॅट्रिकला गणितात किती मार्क पडले, सगळं. मामा आपल्या पायांशी बोलतात, एवढं मात्र कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी लग्न मोडलं नसतं म्हणा, कारण मुलगी पसंत होती आणि पुन्हा दुसऱ्या गावी जाऊन दुसऱ्यांचे पोहे खायचा मला कंटाळा होता. कंटाळा हा माझ्या स्वभावाचा पाया आहे, हे इथेच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

मामांचं गाव मलकापूरच्या पलीकडे, आगाशिवाच्या डोंगराच्या पायथ्याला. सत्तरच्या दशकातली सुरुवातीची वर्षं ती. लग्नानंतर आम्ही दोघं पहिल्यांदा तिकडे गेलो तेव्हा थंडीचे दिवस होते. पहाटे जाग आली ती अंगणातल्या बोलण्यानं. कुणीतरी कुणाची तरी मनापासून समजूत काढत होतं. "काल तुला लय वढलं, धाकट्या. बाजारातनं येताना दोन्ही पिशव्या तुज्याच अंगावर आल्या. चुकलं माजं. आज थोरल्याला म्होरं घालतो, तू जरा मागनं ये." भाऊ भावाशी इतकं गोड बोलतो हे ऐकून मी भारावून गेलो, आमच्या घरात ती पद्धत नव्हती. दारातून डोकावलं तर धुक्यात पन्नाशी ओलांडलेला एक उंच, काटक माणूस दगडावर बसून स्वतःच्या डाव्या गुडघ्याला करडीचं तेल चोळत होता. आसपास दुसरं कुणीही नव्हतं. मी घाबरून चुलीपाशी बसलेल्या मामींकडे पाहिलं. त्या जाळ पुढे सारत म्हणाल्या, "बगताय काय, पावणं? रोजचंच हाय ह्ये. माज्यासंगट येवढं तीस वर्सांत कवा बोललं न्हाईत."

उजवा पाय थोरला आणि डावा धाकटा. ही नावं कुणी ठेवली, कधी ठेवली, हे मामांनाही आठवत नव्हतं. उजवा उंबऱ्याबाहेर आधी पडतो म्हणून तो थोरला, असं एकदा त्यांनी सांगितलं, पण ते माझ्या समाधानासाठी असावं. थोरला स्वभावानं समजूतदार, सोसणारा. धाकटा हट्टी, पण डोंगर चढायला लागला की त्याच्यासारखा कोणी नाही. मामा त्या दोघांबद्दल असं बोलत की चार दिवसांनी मलाही तो फरक दिसायला लागला, आणि पाचव्या दिवशी माझ्या स्वतःच्या दोन पायांपैकी हट्टी कोण याचा मी चोरून विचार करू लागलो.

ह्या सगळ्याचं मूळ एका दुखण्यात होतं. आमच्या भागात आषाढात बेंदूर येतो, बैलांचा सण. त्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी करतात. जू वाहून वाहून बैलाच्या खांद्याला घट्टे पडलेले असतात, तिथे हळद आणि तूप चोळायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्याला पुरणपोळी घालायची. मामा बावीस वर्षांचे असताना त्यांना विषमज्वर झाला. अडीच महिन्यांनी ताप उतरला, पण पाय उभं राहायचं नाव घेईनात. तशात बेंदूर आला. मामांच्या वडिलांनी गोठ्यातली खांदेमळणी उरकली, वाटीत थोडं हळद-तूप उरलं होतं, ते वाया कशाला घालवायचं म्हणून ते घरात आले आणि मुलाच्या काटक्या झालेल्या पायांना चोळत बसले. "ह्येंनी बी अजून राबायचं हाय," एवढंच म्हणाले. मामा ही गोष्ट सांगताना नेहमी इथे थांबत. "पावणं, तवर मला पाय हाईत ह्येचा पत्ताच नव्हता. चालत हुतं तवर कोन बगतंय त्येंच्याकडं?" महिनाभरात ते उठून उभे राहिले. त्या दिवसापासून त्यांनी एक दिवसही ही सेवा चुकवली नाही. बैल वर्षातले काही महिने राबतो, त्याला एक बेंदूर. हे दोघे बारमाही राबतात, म्हणून यांचा बेंदूर रोज, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

पण नुसते आभार मानून सुटका नव्हती, आणि माझ्यासारख्याची अडचण नेमकी इथे सुरू होत होती. तेल चोळून, चार गोड शब्द बोलून, पायांना पुन्हा गादीवर पसरून देण्याची कल्पना मला फार आवडली होती. ती मी मांडून पाहिली. मामा दुखावले. "नुसता खुराक घालून दावनीला बांधला, तर बैल सुजतोय, पावणं. आन् त्येचं मन मोडतंय. त्येला वाटतंय, आता आपून ह्येंच्या कामाचं न्हाई ऱ्हायलो. उपकार फेडायचं म्हंजी त्येला चांगलं काम द्यायचं." म्हणून तेलानंतर शंभर बैठका, मग दंडांचे आभार मानून पन्नास जोर, आणि मग डोंगरावर अर्ध्या वाटेत एक सपाटी आहे तिथपर्यंत चढण. बैठका मारताना इतर माणसं दात-ओठ खातात. मामा बैठका मारताना हसत. पाहुण्याला आग्रह करून वाढताना यजमान जसा हसतो तसं ते हसू होतं.

पाहुणा म्हणून माझी दोन दिवस गय झाली. तिसऱ्या दिवशी मलाही डोंगरावर नेण्यात आलं. सासुरवाडीची माणसं जावयाला कधी हुकूम करत नाहीत, पण मामा इतक्या आदरानं पुढे चालत आणि इतक्या आदरानं वळून वळून वाट पाहत की त्यापेक्षा हुकूम परवडला असता. निम्म्या चढणीवर माझा श्वास कानांतून निघायला लागला. "पाय काय म्हनत्यात?" मामांनी विचारलं. "शिव्या देतायत," मी म्हणालो. त्यांचा चेहरा उजळला. "मग झ्याक हाय की! बोलत्यात म्हंजी अबोला धरला न्हाई अजून."

त्या सपाटीवर पोचल्यावर मात्र थट्टा सुचेना. खाली कोयनेवर धुकं अंथरलेलं होतं, आणि ते उसाच्या तुऱ्यांपर्यंत येऊन तिथेच रेंगाळत होतं. कुठल्यातरी विहिरीवरचं इंजिन लांबून, झोपेत ऐकावं तसं ऐकू येत होतं. मामा म्हणाले, ही डोळ्यांची मजुरी. डोळे दिवसभर काहीबाही बघतात, म्हणून सकाळी त्यांना नदी दाखवायची. कानांना ते देवळातल्या पारव्यांजवळ घेऊन जात. नाकाला हंगामात गुऱ्हाळाच्या वाऱ्याच्या बाजूला उभं करत, आणि तिथे डोळे मिटून काहिलीतल्या उकळत्या रसाचा वास घेत इतका वेळ थांबत की गुऱ्हाळकरी गुळाचा खडा घेऊन बाहेर येई. तो खडा मात्र मामा घेत नसत, म्हणजे निदान चारचौघांत घेत नसत. त्यांना साखरेचा आजार होता आणि जिभेशी त्यांचं जन्माचं वाकडं होतं. साऱ्या शरीरात एकटी तीच काम न करता खाते, असं त्यांचं मत होतं. मी त्या सपाटीवर बसलो होतो, छातीत धडधडत होतं, पोटऱ्या थरथरत होत्या, आणि बऱ्याच वर्षांनी मला असं वाटत होतं की आपण आहोत, सगळेच्या सगळे आहोत, आणि हे किती बरं आहे. मला रडू येईल की काय असं वाटलं. ते मी चढणीवर ढकललं.

सांगलीला परत आल्यावर हे सगळं आठवडाभर टिकलं. आमचं बिऱ्हाड विश्रामबागेत, ऑफिस जवळच, आणि दारात नवी स्कूटर. तिच्यासाठी मी इतकी वर्षं नंबर लावून बसलो होतो की ती आल्यावर कोपऱ्यावरच्या पानाच्या ठेल्यापर्यंत चालत जाणं मला तिचा अपमान वाटे. पण मामांची पत्रं येत. निळ्या अंतर्देशीय पत्रावर टपोऱ्या अक्षरांत पाऊसपाणी, उसाची लागण, मामींचा खोकला, आणि शेवटी न चुकता एक ओळ: "थोरला व धाकटा खुशाल. तुमच्या दोघांचे कळविणे." यातले दोघे म्हणजे मी आणि माझी बायको नव्हे. मी उत्तर लिहायला बसायचो, बाकीचा मजकूर खरा लिहायचो आणि शेवटी लिहायचो, "माझेही थोरला व धाकटा खुशाल. रोज नदीच्या घाटापर्यंत नेतो." हे पत्र पेटीत टाकायला मी स्कूटरवरून जायचो.

एकदा मामा अचानक सांगलीला आले. स्टँडवर उतरून शेंगांचं गाठोडं खांद्यावर टाकून विश्रामबागेपर्यंत चालत आले, आणि फाटकाशी पोचले तेव्हाच मी ठेल्यावरून पान खाऊन स्कूटर आत घेत होतो. ठेला तिथून दिसत होता. मामांनी ठेल्याकडे पाहिलं, स्कूटरकडे पाहिलं, माझ्या पायांकडे पाहिलं, आणि फार हळू आवाजात विचारलं, "पावणं, त्येंनी काय घोडं मारलंय तुमचं?" पत्रांतल्या खोटेपणाबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मला कृष्णेच्या घाटापर्यंत चालत नेलं, घाटाच्या पायरीवर बसवलं आणि गुडघ्यांवर हात ठेवून माफी मागायला लावली. मी मोठ्यानं माफी मागत असतानाच आमच्या ऑफिसचे हेडक्लार्क नदीवर फिरायला आले होते ते समोर उभे राहिले. त्यांनी मामांना नमस्कार केला, मला काही विचारलं नाही, आणि सोमवारी माझ्या टेबलावरच्या निम्म्या फायली दुसऱ्याकडे दिल्या. तुम्ही जरा विश्रांती घ्या, असं म्हणाले. पुढे दोन वर्षं ते माझ्याशी जपून बोलत.

त्यानंतरही मी चालायला लागलो असं नाही. पंधरा दिवस गेलो, मग पाऊस, मग ऑडिट, मग नुसताच कंटाळा. पत्रांत मात्र माझे दोघे वर्षानुवर्षं घाटापर्यंत जात राहिले.

मग एका फाल्गुनात पत्र आलं. तेच निळं पत्र, तीच टपोरी अक्षरं, जरा वाकडी पडलेली. पाऊसपाणी नव्हतं, उसाचं काही नव्हतं. शेवटची ओळ होती: "थोरला खुशाल."

मी ती ओळ दोनदा वाचली. बायकोला हाक मारली आणि पत्र तिच्या हातात दिलं. ती वाचता वाचता खाली बसली.

तोडलेल्या उसाचा टोकदार धस डाव्या पायात घुसला होता. साखरेमुळे जखम भरली नाही, चिघळत वर चढली, आणि डॉक्टरांनी पाय गुडघ्याखाली काढला. तार करू नका, असं मामांनीच घरात बजावलं होतं. आम्ही गेलो तेव्हा ते खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. माझ्याशी बोलले, ऊस-पाण्याचं बोलले, पण पायांबद्दल अक्षर नाही. तेलाची वाटी कोनाड्यात कोरडी पडली होती. उजवा पाय चांगला धडधाकट होता, पण त्याच्याकडेही ते बघत नव्हते. पुढे मिरजेहून लाकडी पाय करून आणला, चामड्याच्या पट्ट्यांचा. तो एका धोतरात गुंडाळून त्यांनी कोपऱ्यात उभा करायला लावला आणि तिकडे पाठ केली. "लाकडाला काय कळतंय?" म्हणाले. डॉक्टर बजावून गेले होते की असेच पडून राहिले तर उजवाही कामातून जाईल आणि माणूसही. पुन्हा एकदा भेटून निघालो तेव्हा मामी आम्हाला फाटकापर्यंत पोचवायला आल्या आणि म्हणाल्या, "आता घरात कुनीच बोलत न्हाई."

बेंदराला आम्ही मुद्दाम गेलो. आदल्या संध्याकाळी मामांच्या पुतण्यानं गोठ्यात खांदेमळणी केली. मामींनी वाटी हातात घेतली, तळाशी थोडं हळद-तूप उरलं होतं, आणि त्या घरात येऊन खाटेच्या पायथ्याशी बसल्या. तिसाहून जास्त वर्षं ज्या नवऱ्याच्या या वेडाला हसत आल्या होत्या, त्या बाईनं पदर खोचला आणि त्याचा उजवा गुडघा मांडीवर घेतला. मामांनी तोंड फिरवलं.

"थोरल्या," मामी म्हणाल्या, आणि गुडघा चोळू लागल्या. "लय राबलास रं. आता दोगांचं एकट्यानं वढायचं हाय तुला. ह्ये बोलत न्हाईत म्हनून मनाला लावून घिऊ नगंस. तुज्यावर राग न्हाई त्येंचा."

मी दाराशी उभा होतो. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि शेतीतलं मला ओ की ठो कळत नाही, म्हणून तोंडात आलं ते विचारलं, "मामा, जोडीतला एक बैल गेला की दुसऱ्याचं काय करतात? त्याला आता काम नाही, म्हणून सोडूनच देतात ना?"

मामा झटक्यात वळले. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या आवाजाला धार आली. "सोडून देत्यात? कुनी सांगितलं तुमास्नी? आवं, खोंड आनत्यात तरना. ह्या जुन्याच्या संगट जुपत्यात. खोंडाला काय कळतंय सुरवातीला? आडवं पळतंय, बसतंय. जुना वढत नेतोय त्येला. जुनाच शिकिवतोय…"

आणि ते थांबले. मामींचा हात गुडघ्यावर तसाच राहिला. बाहेर बैलाच्या गळ्यातली घंटा वाजली आणि थांबली. मामा कोपऱ्यातल्या धोतराच्या गुंडाळीकडे पाहत होते.

"पावणं," ते म्हणाले, "त्ये हिकडं आना."

मी लाकडी पाय आणून खाटेवर ठेवला. त्यांनी धोतर सोडलं, पट्ट्या बाजूला केल्या, वाटीतली उरलीसुरली हळद बोटावर घेतली आणि जिथे तो पाय त्यांच्या अंगाचं ओझं उचलणार होता तिथे चोळली. "आदी हळद, मग जू," म्हणाले. दुसऱ्या दिवशी सण, म्हणून जुंपणं नाही, हा नियम त्यांनी पाळला. तिसऱ्या दिवशी सकाळी पुतण्याच्या खांद्यावर हात टाकून ते अंगणात उभे राहिले. चार पावलं. "दमानं, थोरल्या, नवीन हाय त्ये," असं त्या अंगणात पुन्हा कुणीतरी कुणाची तरी समजूत काढत होतं. मामी चुलीपाशी तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. त्या हसत होत्या की काय ते मी पाहिलं नाही, कारण मला नीट दिसत नव्हतं.

त्या दिवसानंतर मी चालायला लागलो. कुणी सांगितलं नाही, आणि तब्येतीसाठी म्हणून तर मुळीच नाही. सांगलीला परत आल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे जागा झालो, पांघरुणाखाली दोन्ही पाय हलवून पाहिले. दोन्ही हलले. मग झोप लागेना.

मामांची जोडी पुढे डोंगराच्या चढणीपर्यंत पोचली. तिथल्या बाभळीखाली एक दगड होता, त्यावर ते बसत. आम्ही गेलो की मला म्हणत, "डोंगुर आता ह्या जोडीचा न्हाई. तुमी जावा. नदी बगून या आन् कशी दिसतीया ती सांगा." मी सपाटीपर्यंत चढून जायचो, परत यायचो आणि सांगायचो, धुकं आहे, तुऱ्यांपर्यंत आलंय. "वळनापतुर हाय का?" ते विचारत. आहे, मी म्हणायचो. मग ते जरा वाकून थोरल्याला हळूच म्हणायचे, "ऐकलंस न्हवं?" पत्रांतली ओळ आता बदलली होती: "थोरला व खोंड खुशाल. तुमच्या दोघांचे कळविणे." मी कळवत होतो, आणि आता पत्र टाकायला पेटीपर्यंत चालत जात होतो.

ते दशक सरता सरता मामा झोपेतच गेले.

मी आता निवृत्त झालो आहे. पहाटे विश्रामबागेतून घाटापर्यंत जातो, नदीवर धुकं कुठवर आहे ते पाहतो आणि परत येऊन घराच्या पायरीवर करडीच्या तेलाची वाटी घेऊन बसतो. बायको चहा आणते, माझ्याकडे एक नजर टाकते आणि कप मुद्दाम जरा लांब ठेवून आत जाते. वर्षानुवर्षं जे मी मामांना खोटंच लिहीत आलो, ते आज अगदी खरं आहे. थोरला आणि धाकटा खुशाल आहेत. कळवायला आता पत्ता राहिला नाही, म्हणून मी हे त्या दोघांनाच सांगतो, आणि मग चहा घेतो.